विद्रावांचे विरलन

संहत म्हणजे तीव्र विद्रावात पाणी वा अन्य विद्रावक मिसळून त्याची संहती इच्छित मर्यादेपर्यंत कमी करण्याच्या क्रियेस विरलन म्हणतात. अम्ले, अमोनिया, सोडियम हायपोक्लोराइट इ. रसायने वाहतुकीच्या सोयीसाठी संहत स्वरूपात विकली जातात. प्रयोगशाळेत वा रुग्णालयात मात्र ती बहुधा विरल करूनच वापरतात.

विरलनात विद्रावाचे आकारमान वाढते, पण विद्रुताची (विरघळलेल्या पदार्थाची) एकूण राशी बदलत नाही. सर्व आकडेमोड या एकाच तत्त्वावर आधारलेली आहे. मूळ व विरल विद्रावांच्या संहती अनुक्रमे सं१ व सं२ आणि आकारमाने आ१ व आ२ असल्यास सं१ × आ१ = सं२ × आ२. समीकरण सोपे आहे. चुका होतात त्या संहतीचे एकक न पाहिल्यामुळे. अम्लाच्या बाटलीवरील टक्केवारी वजनी असते, परंतु अम्ल मोजतात ते आकारमानाने. म्हणून घनता विचारात घ्यावी लागते. उदा., संहत सल्फ्यूरिक अम्ल वजनाने ९८% असून त्याची घनता दर मिलि.ला १·८४ ग्रॅ. असते. यावरून १ लि.मध्ये शुद्ध अम्ल सु. १,८०३ ग्रॅ. येते. यास रेणुभाराने (९८·०८) भागल्यास संहती दर लिटरला सु. १८·४ मोल मिळते. तेव्हा १ मोलर विद्राव १ लि. करण्यास सु. ५४·४ मिलि. अम्ल लागेल. ते सु. ७०० मिलि. थंड पाण्यात ढवळत ढवळत हळूहळू ओततात व विद्राव निवाल्यावर मापी चंबूत खुणेपर्यंत पाणी भरतात. याउलट, अम्लात पाणी ओतल्यास हलके पाणी वर राहून उष्णतेने उकळते व अम्ल अंगावर उडते. पाण्याचे आकारमान वजाबाकीने ठरवणेही काटेकोर नव्हे. ५० मिलि. अल्कोहॉल व ५० मिलि. पाणी यांचे मिश्रण १०० मिलि.पेक्षा काहीसे कमीच भरते.

नावांमुळेही घोटाळा होतो. फॉर्मॅलीन हा फॉर्माल्डिहाइडाचा सु. ३७ ते ४०% विद्राव आहे. ऊतके टिकविण्यासाठी वापरतात ते ‘१०% फॉर्मॅलीन’ म्हणजे त्याचा एक भाग व पाणी नऊ भाग. त्यात फॉर्माल्डिहाइड सु. ४ टक्केच असते. ‘१ : १०’ हे प्रमाणही असेच संदिग्ध आहे. दहा हे एकूण भाग मानल्यास विरलन दहापट, केवळ पाण्याचे मानल्यास अकरापट होते.

जंतुनाशकांच्या बाबतीत या हिशोबास विशेष महत्त्व आहे. २०१४–१६ मधील पश्चिम आफ्रिकेतील एबोला साथीत पृष्ठभागांसाठी ०·५% व हातांसाठी ०·०५% क्लोरीन विद्राव वापरीत. ५% हायपोक्लोराइटापासून पहिला करताना एका भागास (५ ÷ ०·५) – १ = ९ भाग पाणी लागते; दुसऱ्यासाठी ९९ भाग. मात्र हायपोक्लोराइट उष्णतेने व उजेडाने विघटित होत जाते. जुन्या डब्यात प्रत्यक्ष ३ टक्केच उरले असेल, तर त्याच प्रमाणाने केलेला विद्राव ०·३ टक्क्याचा होईल व दिसण्यावरून ते कळणार नाही. म्हणून जुना साठा वापरण्यापूर्वी त्यातील क्लोरिनाचे प्रमाण मोजून मगच सं१ ची किंमत समीकरणात घालतात.