‘राजाराम किती?’ : कुरुंदवाडचा पूर आणि सरकारी यंत्रणा

पावसाळा जोरात असला की कुरुंदवाडात माणसं एकमेकांना विचारतात, “राजाराम किती?” राजाराम म्हणजे कोल्हापूरच्या कसबा बावड्यातला बंधारा. तिथे पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये तो आकडा ५५ च्याही वर गेला होता.

आकडा वाढतो कसा, ते वरून पाहत यायला हवं. पंचगंगेत येणाऱ्या भोगावती नदीवर शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण आहे. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं, म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर. त्यात कासारी, कुंभी आणि तुळशी या नद्यांचं पाणी मिसळतं. बातमीत ‘पाचवा दरवाजा उघडला’ असं आलं की नदीकाठचे लोक जनावरं हलवायच्या तयारीला लागतात.

पण एकट्या राजारामवर विसंबणं कुरुंदवाडकराला परवडत नाही. गावाजवळच पंचगंगा कृष्णेला मिळते आणि पलीकडे नृसिंहवाडी आहे. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे तुंबतं, फुगवटा धरतं. म्हणून दुसरा आकडाही बघावा लागतो, तो सांगलीच्या आयर्विन पुलाचा. तिथे इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ वर. कोयना धरणातून कृष्णेत येणारा विसर्ग वाढला तर कोल्हापुरात पाणी उतरत असतानाही कुरुंदवाडच्या शिरोळ तालुक्यात ते चढू शकतं. ‘बावड्याला दोन फूट कमी झालं’ एवढ्यावर माळ्यावरचं सामान खाली काढू नये. नृसिंहवाडीत कृष्णेचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक स्नानाला गर्दी करतात. नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांना मात्र तेच पाणी जागं ठेवतं.

आता कागदोपत्री कोण काय करतं ते पाहू. पातळी आणि विसर्ग जलसंपदा विभाग कळवतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तालुक्याची सूत्रं तहसीलदारांकडे. गावात उतरून काम करायचं ते नगरपरिषदेला, म्हणजे मुख्याधिकारी आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांना. सखल भागातल्या घरांना नोटिसा देणं, भोंगा लावून गाडी फिरवणं, शाळा-मंगल कार्यालयांत निवाऱ्याची सोय करणं ही त्यांची कामं. माणसं जनावरं सोडून हलत नाहीत, त्यामुळे वैरण आणि गोठ्याची सोय आधी लावावी लागते. नोटीस बजावणं त्यापुढे सोपं. पुरात पिण्याचं पाणीही तुटतं, कारण उपसा करणारे पंप नदीकाठीच असतात आणि तेच आधी बुडतात. मग टँकर.

पाणी ओसरलं की दोन कामं एकदम अंगावर येतात. एक म्हणजे गाळ उपसणं आणि औषधफवारणी. दुसरं पंचनामे. घरात पाणी किती दिवस होतं, भिंत पडली का, धान्य किती भिजलं याची नोंद घरोघर जाऊन होते, आणि सानुग्रह अनुदान या कागदावरच ठरतं. २०१९ मध्ये सरकारने शहरी भागातल्या कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागातल्या कुटुंबाला १० हजार रुपये जाहीर केले. कुरुंदवाडला नगरपरिषद आहे आणि नृसिंहवाडीला ग्रामपंचायत. पूर तोच, पण दोन्ही गावांमधल्या पुलाच्या या टोकाला एक दर आणि त्या टोकाला दुसरा. घरमालकाने पाणी चढलेल्या खुणेचा फोटो काढून ठेवावा आणि मगच भिंत धुवावी. घर भाड्याचं असेल तर राहत्याचा पुरावा हाताशी ठेवावा.