ओल्या कापसाची दारू

नागपूर-भंडारा रस्त्यावरची जवाहरनगर ही वसाहत उभी राहिली ती आयुध निर्माणीसाठी. १९६२च्या युद्धानंतर साठच्या दशकात आलेला हा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. तोफगोळा ढकलणारी दारू, म्हणजे प्रोपेलंट, आणि स्फोटके हे त्याचे काम. २४ जानेवारी २०२५च्या स्फोटात इथले कामगार गेले, तेव्हा हे नाव देशभर पोचले. इथे सांगायचे ते मात्र कापसाचे आणि ओलीचे, कारण आधुनिक तोफेच्या दारूचे मूळ कापसात आहे.

लांब धागा सूतगिरणीला जातो. जिनमधून निघालेल्या सरकीला चिकटलेली आखूड लव खरवडून काढतात, तिला लिंटर म्हणतात. स्वच्छ केलेला लिंटर जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि हवेतली वाफ धरतात ते तेच. म्हणून कापूस उन्हात कितीही वाळवा, सावलीत आला की पुन्हा ओल धरतो. कापड धंद्यात या ओलीचे प्रमाण ८.५ टक्के धरतात, तागाचे १३.७५. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांच्या वर भाव कापतात आणि बारा ओलांडले तर गाडी परत, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

लिंटर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवला की हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रेट बसतात. त्याआधी तो कडक वाळवावा लागतो, नाहीतर त्यातले पाणी आम्ल पातळ करते. तिन्ही जागा भरल्या तर नायट्रोजन १४.१४ टक्के होतो; दारूसाठी साधारण साडेबारा ते साडेतेरावर थांबतात. पाणी धरणाऱ्या जागाच अडवल्या गेल्याने नायट्रोसेल्युलोज कापसापेक्षा फार कमी ओल घेते. मला या साऱ्या रसायनातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

पण १८४६मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने हा पदार्थ पुढे आणला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधला फॅव्हरशॅमचा कारखाना उडाला. कापसाचा धागा आतून पोकळ. त्या नळीत अडकलेले आम्ल धुतले जात नसे आणि पदार्थ आतून कुजत राही. १८६५मध्ये फ्रेडरिक एबलने उपाय दिला : धागा पाण्यात दळून बारीक करा, मग धुवा. उकळत्या पाण्यातल्या त्या लांबलचक धुण्याला आजही पर्याय नाही.

इथून पाणी राखणदार होते. कोरडे नायट्रोसेल्युलोज घर्षणाने किंवा स्थिर विजेच्या ठिणगीने पेटते, म्हणून ते ओलेच ठेवतात. पाण्यात भिजवून वाहून नेताना किमान २५ टक्के पाणी हवे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ऑगस्ट २०१५मध्ये चीनच्या तिआनजिन बंदरात कंटेनरमधल्या मालाची ओल उन्हाळ्यात उडाली, तो आपोआप पेटला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. कारखान्यातही पाणी वाळवून काढत नाहीत, अल्कोहोल दाबून त्याला बाहेर ढकलतात. माल क्षणभरही कोरडा राहत नाही. तयार दाण्यात मात्र थोडी ओल जास्त राहिली तरी जळण्याचा वेग घटतो आणि गोळा अलीकडे पडतो.

सगळ्यात अवघड मामला जळणाऱ्या काडतूस-कवचाचा. अर्जुन रणगाड्याच्या १२० मिमी तोफेसाठी पुण्याच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेने असे कवच विकसित केले. पितळी कवच बार झाल्यावर रणगाड्यात पडून राहते. हे बहुतांशी जळून जाते. नायट्रोसेल्युलोजचे तंतू, लाकडाच्या क्राफ्ट लगद्याचे तंतू आणि राळ पाण्यात कालवून जाळीच्या साच्यावर ओढून घेतात, मग गरम दाबात घट्ट करतात. पद्धत कागद बनवण्याचीच. जळण्याचे काम नायट्रोसेल्युलोजचे, ताकद लगद्याची. पण लगद्यातले हायड्रॉक्सिल शाबूत असतात, म्हणून कवच पावसाळी हवेत ओल घेते, फुगते, मऊ पडते आणि पुरते न जळता तोफेत धुमसते अवशेष ठेवू शकते. पुढचा गोळा भरणाऱ्या जवानाला ते नको असते. म्हणून कवचावर ओल अडवणारा लेप चढवतात आणि गोळा हवाबंद डब्यात पाठवतात.