तर्पणातील नाव आणि दप्तरातील नोंद

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की निलंग्याच्या घराघरांतून पितरांच्या तिथी मोजल्या जाऊ लागतात. हाती दर्भ आणि तीळ घेऊन बसलेला यजमान पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे उच्चारतो आणि वसु, रुद्र व आदित्य या रूपांत त्यांचे स्मरण करतो. पहिली दोन नावे सहज येतात. तिसऱ्या नावापाशी मात्र पुष्कळांची वाणी अडखळते. पणजोबांचे नाव सांगणारे वडीलधारे केव्हाच निवर्तलेले असतात.

शास्त्राने येथेही वाट ठेविली आहे. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. गोत्राचे विस्मरण झाले असेल तर काश्यप गोत्र सांगण्याची रूढी आहे. तरीपण ज्यांनी कसलेली जमीन आपण आज खातो, त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नसावे, याची रुखरुख मनाला लागून राहते.

ज्यांचे पूर्वज त्र्यंबकेश्वरास वा गयेस गेले, त्यांची नावे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडू शकतात. परंतु ज्याने आयुष्यभर शिवार सोडले नाही, त्या कुणब्याचे नाव कोठे शोधावे? ते शिवाराच्याच कागदांत शोधले पाहिजे. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफाराकडे आणि फेरफारावरून १९५४-५५ च्या सुमाराच्या खासरा पाहणीपत्रकाकडे मागे जाता येते. वारसाच्या फेरफारात मृताचे नाव आणि त्याच्या वारसांची नावे असतात; म्हणजे अशी एक नोंद हाती आली की वंशाची एक पायरी चढून जाता येते. देवस्थानाची वा सेवेची इनाम जमीन असेल तर निजामी अमदानीतील 'मुन्तखब' पाहावा. इनामाच्या चौकशीत वंशावळ विचारली जात असे.

शोध करणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, पुढे उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात गेला. तेव्हा जुना कागद आजच्या जिल्ह्यातच असेल असे नाही. दुसरी गोष्ट भाषेची. हैदराबाद संस्थानचा कारभार आधी फार्सीत व १८८४ च्या सुमारापासून उर्दूत चाले. गावचे हिशेब मोडीत असत. सालही फसली असे. त्यात ५९० मिळविले की इसवी सन साधारणपणे कळतो.

या लिपी व भाषा जाणणारे आता विरळ झाले आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची निकड सर्वांनाच जाणवली. फार्सी दप्तरांतील मराठ्यांचा इतिहास मराठीत आणणारे सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) हे तर निलंग्याचेच सुपुत्र. त्यांच्या जन्मगावच्या तरुणांनी निदान मोडी तरी शिकावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

न्यायालयाच्या कागदांत एक निराळाच अनुभव येतो. वतनाच्या वादांतील जुने महजर असोत की अलीकडच्या वाटणीच्या दाव्यांतील कैफियती असोत, सविस्तर वंशावळी तेथे आढळतात. याचे कारण उघड आहे. भावाभावांत कलह झाला, म्हणून मूळ पुरुषापासूनची पिढी सांगणे भाग पडले. जे भाऊ एकदिलाने नांदले, त्यांची वंशावळ कचेरीत चढलीच नाही. पूर्वजांचे नाव सापडल्याचा आनंद आणि त्यांच्या भांडणाची खंत, ही दोन्ही एकाच कागदातून हाती येतात.

घरातील कागदांचा तर भरवसाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे निजली असता, किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांवर पितृपक्षाच्या उंबरठ्यावरच हा घाला पडला. हजारो माणसे गेली आणि पडलेल्या भिंतींखाली पेट्यांतील खरेदीखते व कुंडल्याही गेल्या. कित्येक घरांत नावे सांगणारे आणि नावांचे कागद एकाच रात्री नाहीसे झाले.

म्हणून यंदाच्या पक्षात प्रत्येक घराने एक काम करावे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून, आठवतील तेवढी नावे गावासह लिहून घ्यावीत. आजी-पणजींची नावे व त्यांची माहेरे वगळू नयेत. दप्तरात त्या बहुधा विधवा म्हणूनच भेटतात. वारसाची नोंद राहिली असेल तर ती बहिणींच्या नावांसह करून घ्यावी. आणि वाटणीवरून भाऊ दुरावला असेल, तर त्याला श्राद्धाच्या पानावर अगत्याने बोलवावे. दोघांच्याही तर्पणात पितामहाचे नाव एकच असते.