टॉवर नसलेला विमानतळ आणि वर्गातला ‘होऽऽ’



वर्गात वाहतुकीची साधने शिकवत होते. एका मुलाने विचारलं, “बाई, विमानांना सिग्नल कोण दाखवतं?” मी सांगितलं, विमानतळावर उंच टॉवर असतो, तिथून नियंत्रक रेडिओवर सूचना देतात. लगेच पुढचा प्रश्न आला, “आणि टॉवरच नसेल तर?” त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून जे समजलं ते आज आपल्यापुढे मांडते, कारण त्यात आपल्या वर्गासाठीही एक मोठा धडा आहे.

टॉवरशिवाय विमान कसं उतरतं?

अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे ५००० विमानतळ आहेत. टॉवर मात्र त्यातल्या सुमारे ५०० ठिकाणीच आहे. बाकीच्या ठिकाणी छोट्या विमानांचे वैमानिक आपापसात बोलून उतरतात आणि उडतात. घाटातल्या वळणावर समोरचं दिसत नाही, तेव्हा ड्रायव्हर हॉर्न देतो आणि पलीकडच्या हॉर्नकडे कान देतो, तसंच काहीसं. मुख्य पद्धती अशा:

१. एकच वाहिनी : त्या विमानतळासाठी रेडिओची एक वाहिनी ठरलेली असते. सगळे तीच ऐकतात आणि तिच्यावरच बोलतात.

२. चार गोष्टी सांगणे : कोणता विमानतळ, मी कोण, मी कुठे आहे आणि आता काय करणार आहे. विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा घेतात, कारण जवळपासचे इतर विमानतळही तीच वाहिनी वापरत असू शकतात.

३. ठरलेली वाट : उतरण्याआधी धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घेतात, बहुतेक ठिकाणी डावीकडे वळत. त्यामुळे दुसरं विमान कुठे शोधायचं हे कळतं.

४. आधी उतरणारा : जमिनीवरच्या विमानाने उतरणाऱ्या विमानाला वाट द्यायची.

५. डोळे उघडे : यातल्या बऱ्याच विमानतळांवर छोट्या विमानात रेडिओ असलाच पाहिजे असं बंधन नाही. म्हणून रेडिओ शांत आहे म्हणजे धावपट्टी मोकळी आहे, असं धरून चालत नाही.

मुलांना आवडेल अशी एक गंमत सांगते. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशा. होकायंत्रावर साधारण १३० अंश असेल तर शेवटचं शून्य काढून १३. साधारण ४० अंश असेल तर ०४.

क्विन्सी इथे काय झालं?

१९ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळी पाचच्या सुमारास. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाचं गाव आहे. तिथल्या विमानतळावर टॉवर नव्हता आणि दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत होत्या. प्रवासी घेऊन येणारं एक छोटं बीचक्राफ्ट विमान १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होतं. ०४ च्या टोकाला किंग एअर नावाचं विमान उभं होतं आणि त्याच्या मागे चेरोकी हे आणखी लहान विमान.

उतरणाऱ्या वैमानिकाने रेडिओवर विचारलं, ०४ वरचं विमान थांबणार आहे की उडणार आहे? प्रश्न किंग एअरसाठी होता. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने, की मी थांबलोय. त्याच वेळी बीचक्राफ्टमधल्या यंत्राची आपोआप होणारी सूचना वाजली आणि उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. किंग एअरच थांबलंय, असा त्या वैमानिकांचा समज झाला. प्रत्यक्षात किंग एअर या प्रश्नावर काहीच बोललं नव्हतं. ते धावू लागलं आणि जिथे धावपट्ट्या छेदतात तिथे दोन्ही विमानं आदळली.

दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले. बीचक्राफ्टमधले १२ जण त्या धडकेतून वाचू शकले असते, पण दार उघडलं नाही आणि धूर व आगीने त्यांना गाठलं. किंग एअरच्या वैमानिकांनी रेडिओ नीट ऐकला नाही किंवा आजूबाजूला नीट पाहिलं नाही, हे चौकशीत मुख्य कारण ठरलं. चेरोकीच्या उत्तराचा झालेला गैरसमज हेही एक कारण नोंदवलं गेलं.

आता आपल्या वर्गात या

हे वाचताना मला माझाच वर्ग आठवला. मी विचारते, “समजलं का?” वर्ग म्हणतो, “होऽऽ!” तो ‘हो’ पुढच्या बाकावरच्या चार-पाच जणांचा असतो. ज्याच्यासाठी मी विचारलेलं असतं तो मागे गप्प बसलेला असतो. आणि मी पुढच्या गणिताकडे वळते! सहलीला बसमध्ये “सगळे आले का?” असं विचारून मिळालेल्या ‘हो’वर मीही एकदा गाडी सोडायला सांगितली होती. दोन मुली अजून नळावर पाणी पीत होत्या. ड्रायव्हरदादांनी आरशात पाहिलं म्हणून बरं झालं.

घ्यायचा उपक्रम

मैदानावर फक्कीने एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आखा. चार मुलं विमानं होतील. प्रत्येकाने आपलं नाव, जागा आणि पुढे काय करणार हे सांगायचं. प्रश्न नाव घेऊन विचारायचा, उत्तरही नाव सांगून द्यायचं. उत्तर आलं तरी छेदाजवळ दोन्हीकडे पाहूनच पुढे जायचं. मग एकदा दोघांना मुद्दाम एकाच वेळी बोलायला लावा. काहीच कळत नाही, हे मुलं स्वतःच सांगतील.

पालकहो, रस्ता ओलांडताना “गाडी नाही ना?” असं विचारून कुणाच्याही ‘नाही’वर पाऊल टाकू नये, हे मुलांना घरीही जरूर शिकवा. आणि आपण शिक्षकांनी ‘हो’ ऐकल्यावर एक क्षण थांबून पाहूया, हा ‘हो’ नक्की कुणाचा आहे?