आजीची वाटी आणि नानकटाईची भेग

घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की वाशीम, कारंजा, रिसोड अशा गावांतल्या बेकऱ्यांपुढे डब्यांची रांग लागे. कुणाच्या पिशवीत मैदा, कुणाच्या बरणीत तूप, कुणाच्या डब्यात दळून आणलेली साखर. सोयाबीन घरात आलेले असे, कापसाची वेचणी चालू असे, आणि चकल्या-अनारशांच्या जोडीला ‘भट्टीची नानकटाई’ हवीच असे. बेकरीवाला प्रत्येकाचे ट्रे निराळे ठेवी आणि भाजणावळ घेऊन डबा भरून परत देई. काही गावांत हा प्रकार आजही पाहायला मिळतो.

नानकटाई मूळची आपल्याकडची म्हणावी की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. ‘नान’ हा शब्द फारसी. सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती; त्यांच्या बेकरीचा वारसा तिथल्या दोटीवाला या पारशी घराण्याकडे आला आणि तेथून नानकटाई पसरली, असे सांगतात. ते काही असो. वऱ्हाडात ती आली आणि दिवाळीच्या ताटात कायमची बसली.

आता आमच्या आजीच्या वहीतली कृती पाहा. जेमतेम चार ओळी आहेत: ‘मैदा दोन भाग, तूप एक, पिठीसाखर एक. तूप कापसासारखे होईतो फेसावे. सोडा चिमूट. गोळा दाबता कडेला चिरावा, फुटू नये. भट्टी उतरती असावी.’ संपली कृती! किती ग्रॅम, किती अंश, किती मिनिटे, काही नाही. आजी गेल्यावर मी ही वही घेऊन पहिल्यांदा नानकटाई करायला बसलो, ती एका मे महिन्यात, भर दुपारी. ट्रे बाहेर काढला तेव्हा चोवीस नानकटाया नव्हत्या. सबंध ट्रेभर एकच सपाट, तेलकट, तपकिरी पत्रा झालेला होता!

चूक कुठे झाली ते शोधू या. पहिला संशय ‘भाग’ या शब्दावर घ्या. भाग म्हणजे वजनाने की वाटीने? तुम्हाला वाटेल, त्याने काय बिघडणार? करून पाहा. बरोबर १०० मिलिलिटर पाणी मावेल अशी एक वाटी घ्या. तिच्यात हलक्या हाताने मैदा भरा, वर सपाट करा आणि तोला. सुमारे ५५ ग्रॅम भरेल. पिठीसाखरही जवळपास तितकीच. पण तीच वाटी तुपाने भरलीत, तर भरेल सुमारे ९० ग्रॅम. मैद्याच्या कणांमध्ये भरपूर हवा असते, तुपात नसते. आता हिशेब करा. वाटीने मोजले, तर ११० ग्रॅम मैद्याला ९० ग्रॅम तूप पडते. तराजूने मोजले, तर त्याच ११० ग्रॅम मैद्याला ५५ ग्रॅम. कृती एकच, शब्द तेच, आणि तुपात ३५ ग्रॅमांचा फरक! एकाची नानकटाई पसरेल, दुसऱ्याचा गोळा वळलाच जाणार नाही.

काहींच्या घरच्या वह्यांत ‘पावशेर’ लिहिलेले सापडेल. १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक वजने येऊ लागली. त्याआधीचा वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पावशेर २३३ ग्रॅम. आपण सवयीने पाव किलो घेतो. पण त्याने बिघडत नाही, कारण सगळेच जिन्नस सारख्या प्रमाणात वाढतात. घोटाळा होतो तो एक जिनस शेराने आणि दुसरा वाटीने लिहिलेला असला म्हणजे.

दुसरी ओळ तुपाची, आणि माझ्या मते साऱ्या कृतीचा जीव तिच्यात आहे. तूप कापसासारखे व्हायचे म्हणजे काय व्हायचे? तूप हा एकच एक पदार्थ नाही. त्यात निरनिराळ्या तापमानांना वितळणारे स्निग्ध पदार्थ एकत्र असतात. म्हणून बर्फासारखे ते एका ठरावीक अंशाला वितळत नाही. साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हळूहळू पातळ होते. त्याखाली ते दाणेदार, अर्धवट घट्ट असते. अशा तुपात साखर घालून तळहाताने परातीत फेसले, की हवेचे असंख्य बारीक बुडबुडे आत अडकतात. तुपाचे सूक्ष्म स्फटिक त्यांना धरून ठेवतात. प्रकाश या बुडबुड्यांवरून विखुरतो, म्हणून पिवळसर तूप पांढरे दिसू लागते. आजीचा ‘कापूस’ तो हाच! मापपात्रात भरून पाहाल, तर फेसलेल्या तुपाचे आकारमान वाढलेले आढळेल.

पातळ तुपात मात्र बुडबुडे टिकत नाहीत; वर येऊन फुटतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या दुपारी माझे तूप पाण्यासारखे होते, मग ते कितीही फेसले तरी कापूस कुठून होणार? दिवाळीच्या सुमाराला रात्री पारा विशीच्या आसपास उतरतो आणि बरणीतले तूप सकाळी आपोआप हवे तसे मिळते. आजीने वहीत तापमान लिहिले नाही याचे एक कारण हेही असेल, की ती नानकटाई फक्त दिवाळीतच करी.

जाता जाता, वहीत ‘डालडा’ असे लिहिले असेल तर जपून. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या या वनस्पती तुपाने कित्येक घरांत साजूक तुपाची जागा घेतली. पण तेलावर हायड्रोजनची क्रिया करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होत असे, ते हृदयाला घातक ठरले, आणि जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे आजचे वनस्पती तूप आजीच्या काळच्यासारखे वागेलच असे नाही.

तूप आणखी एक काम करते. मैद्यात पाणी मिसळून मळले, की त्यातल्या प्रथिनांपासून ग्लुटेनचे चिवट जाळे बनते. पोळी लवचीक होते ती त्यामुळेच. नानकटाईत पाणी घालत नाहीत, तुपात पाणी जवळजवळ नसते, आणि तुपाचा लेप मैद्याच्या कणांना वेगळे ठेवतो. जाळे बनत नाही, म्हणून ती तोंडात टाकताच विरघळते. त्यातच मूठभर बेसन घातले तर ती आणखी खुसखुशीत होते, कारण हरभऱ्यात ग्लुटेन नसतेच.

सोड्याची ‘चिमूट’ मात्र खरोखर चिमूटच ठेवा. ८० अंशांच्या आसपास सोडियम बायकार्बोनेटचे झपाट्याने विघटन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड आणि वाफ निघते, आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते. सोडा जास्त झाला, तर साबणासारखी चव येते ती या उरलेल्या क्षारामुळे.

राहिली भट्टी. विटांची भट्टी लाकडे जाळून तापवतात, निखारे बाजूला करतात आणि विटांत साठलेल्या उष्णतेवर भाजतात. आधी पाव, कारण त्यांना दोनशे अंशांहून जास्त आच लागते. भट्टी निवत १६० ते १८० अंशांवर आली, की नानकटाईची पाळी. ‘उतरती भट्टी’ ती हीच. आत गोळ्याचा पृष्ठभाग आधी सुकून घट्ट होतो, पण पोटात वायू फुगतच असतो. मग वरचे कवच तडकते. नानकटाईवरच्या भेगा म्हणजे ही आतली धडपड. पुढे कडा तांबूस होतात, खमंग वास सुटतो. साखर आणि प्रथिने यांच्यातली ही क्रिया १९१२ मध्ये मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रथम वर्णिली. घरी ओव्हन नसेल, तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, वर झाकण ठेवूनही नानकटाई भाजता येते; मोठ्या माणसांना बरोबर घ्या, म्हणजे झाले.

आणि ‘कडेला चिरावा, फुटू नये’? तूप जास्त असेल तर दाबलेला गोळा मुळीच चिरत नाही, कमी असेल तर भुगा होतो. म्हणजे वाटी कोणतीही असो, मैदा जुना असो की नवा, प्रमाण जमले की नाही हे हाताखालीच कळते.

तरीही मला आकडा हवा होता. गेल्या दिवाळीत मी एक युक्ती केली. मावशी अजून आजीच्याच हातची नानकटाई करते. तिच्या मैद्याचा डबा, साखरेचा डबा आणि तुपाची बरणी मी आधी तोलून ठेवली. तिला वाटी भरू दिली, मध्ये एक शब्द बोललो नाही. तिने हवे ते काढून घेतल्यावर तिन्ही पुन्हा तोलले आणि वजाबाकी केली. मैदा २१६ ग्रॅम, तूप १३५, पिठीसाखर ८४. म्हणजे ११० ग्रॅम मैद्याला सुमारे ६९ ग्रॅम तूप. माझ्या वाटीच्या हिशेबात ९० येत होते, तराजूच्या हिशेबात ५५. मावशीचा आकडा दोन्हींत बसेना!

मग आठवले. तुपाची वाटी तिने बोटाने निपटून सपाट केली होती, आणि मैद्याची दोन्ही वेळा शीग लावून भरली होती. वहीत शिगेचा उल्लेख कुठेच नाही. मी विचारले तशी ती हसायला लागली. म्हणाली, “पिठाची वाटी शिगेचीच असते ना रे, त्यात काय लिहा लागते?”