हौदा उकरताना

पहाटेचे साडेचार. कोल्हापूरच्या पेठेतल्या या तालमीचं दार इतकं बुटकं, की आडदांड पैलवानालाही मान लववूनच आत यावं लागतं. आत एक पिवळा बल्ब, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि मधोमध फरशीपासून हातभर खाली हौदा. काल संध्याकाळच्या लढतींनी तांबडी माती ठोकून बसली आहे. मी काठावरून बोटानं दाबून बघतो, तर नख दुखतं.

पोरं एकेक करून लंगोट कसून खाली उतरतात, मातीला हात लावून कपाळाला लावतात आणि खोरी उचलतात. इथं माती उकरायला गडी ठेवलेला नाही. जो लढणार तोच उकरणार. कडेपासून सुरुवात करून सगळे मागे मागे सरकत येतात, म्हणजे उकरलेल्या मातीवर पाय पडत नाही. खोरं वीतभर आत जातं, ढेकूळ वर येतं, खोऱ्याच्या पाठीनं फुटतं. दहा मिनिटांत सगळ्यांच्या पाठी निथळायला लागतात. जोर-बैठका अजून व्हायच्याच आहेत, पण खांदे आणि कंबर आत्ताच तापली आहे. पाहुण्यांना ही निव्वळ साफसफाई वाटते. वस्ताद मात्र ती मेहनतीतच धरतात, आणि उकरायला उशिरा आलेल्याला त्या दिवशी लढत देत नाहीत.

“खडा बघा रं, खडा!” वस्ताद काठावरून ओरडतात. वय सत्तरीकडे झुकलेलं, कान फुटून गड्ड्यासारखे झालेले. एक बारका पोरगा गुडघ्यावर बसून बोटांनी माती चाळतोय. त्याला एक खडा सापडतो, मग कुणाच्या तरी गळ्यातल्या ताइताची पत्र्याची कडी. दोन्ही तो वस्तादांच्या तळहातावर नेऊन ठेवतो. कडी बघून वस्तादांचा चेहरा बदलतो. ताईत काढल्याशिवाय हौद्यात उतरायचं नाही, हा इथला नियम. नख वाढवायचं नाही हा दुसरा. कडीचा मालक गप्प राहतो; कोण ते सगळ्यांना माहीत असावं, कारण दोघं-तिघं छताकडे बघू लागले आहेत.

आता पाणी. बादली उपडी करत नाहीत, तांब्यातून हातानं शिंपडतात. किती, ते कुठंच लिहिलेलं नाही. वस्ताद मूठभर माती घेऊन दाबतात: मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि अंगठ्यानं दाबला की फुटला पाहिजे. कोरडी राहिली तर धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते. ओली झाली तर पाय घसरतो, गुडघा पिळवटतो. उन्हाळ्यात रोज शिंपडावं लागतं. आषाढात उलट, भिंतींनाच ओल धरते. तेव्हा पाणी बंद आणि उकरणं दुप्पट, म्हणजे वारा लागून माती सुटी राहते.

माती नवी भरतात तेव्हा तिच्यात काव, हळद, तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर असं बरंच काही मुरवतात. मधूनमधून परत घालतात. तेलाताकानं माती मऊ राहते आणि उडत नाही, हे हात लावल्यावर कुणालाही कळतं. हळदीनं सगळे रोग पळतात, असंही इथं छातीठोकपणे सांगितलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. रोज उकरून वारा देणं, खरूज-नायटा झालेल्याला बाहेर ठेवणं आणि लढतीनंतर घासून आंघोळ करणं, यांचाच वाटा मोठा असावा. वस्तादांना तसं म्हणून बघतो. ते म्हणतात, “हळद घालूनच बोला.”

शेवटी फळी. जाड लाकडाला दोर बांधलेला, फळीवर तोच बारका पोरगा उभा, आणि दोन थोराड गडी ती बैलांसारखी ओढतायत. दोन फेऱ्यांत हौदा सपाट. उदबत्ती लागते, पहिली जोड उतरते, एकमेकांच्या खांद्यावर माती टाकते. घामानं निसटती पकड त्या मातीनं धरते.

पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत मॅट आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ सालचं खासबाग कुस्ती मैदान याच गावात. मातीचा मान इथं अजून मोठा. पण ऑलिंपिक मॅटवर होतं. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले ते मातीतच घडलेले. तरी सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून त्यांनी कांस्यपदक आणलं. आजच्या पोरांना दोन्हींवर लढावं लागतं, म्हणून दोन्ही जमिनी सांभाळाव्या लागतात.

मॅटला उकरता येत नाही. घाम आत मुरत नाही, वरच राहतो, आणि एकाचा नायटा आठवडाभरात चौघांना होतो. म्हणून रोज आधी कोरडा झाडू, मग जंतुनाशकाच्या पाण्यात पिळलेलं पोछं. पुसून लगेच कोरडं करायचं नाही. औषध काही मिनिटं ओलं राहू द्यायचं. तुकड्यांच्या सांध्यांत मळ धरतो, तिथं हातानं फडकं फिरवायचं. हे काम पोरांना आवडत नाही. खोरं मारताना दंड फुगलेले दिसतात, पोछं मारताना काहीच दिसत नाही. त्यामुळं सांधे बऱ्याचदा राहून जातात, आणि वस्ताद तिथंच बोट फिरवून बघतात.

आत्ताही ते बोट बघतायत, तेवढ्यात एक जण मोरीतून येतो तो कुस्तीच्या बुटांसकट, थेट मॅटवर.

“का रं, त्याच बुटांनी मोरीत गेलतास?”

“व्हय वस्ताद. लगेच आलो.”

“मग आता लगेच बादली भर. सगळी मॅट पूस. आन् सांधे मी बघणार हाय.”