पानं आधी, वाचणारा शेवटी

एखादी ऑपरेटिंग सिस्टीम मूळ सोर्स कोडपासून घरी बांधायला घेतली, की सगळं लक्ष कम्पायलरकडे जातं. तिची माहितीपुस्तिका कशी तयार होणार, हा प्रश्न बहुतेक जण ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. युनिक्सची वाढच मुळी मजकूर नीट मांडता यावा या गरजेच्या आधाराने झाली.

१९७० साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या गटाला पीडीपी-११ हे नवं यंत्र हवं होतं. किंमत सुमारे ६५ हजार डॉलर. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रयोगांसाठी मागितलेलं यंत्र आधी नाकारलं गेलं होतं. मग ‘मजकुराचं संपादन आणि मांडणी करणारी यंत्रणा देतो’ असा प्रस्ताव गेला, आणि तो मंजूर झाला. १९७१मध्ये पेटंट विभागातले टंकलेखक त्या यंत्रावर अर्ज तयार करू लागले. मांडणी करणाऱ्या प्रोग्रामचं नाव होतं रॉफ. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला युनिक्सची पहिली पुस्तिका निघाली. पुढे जो ओसाना यांनी एनरॉफ आणि ट्रॉफ लिहिले. जेम्स क्लार्क यांनी त्याच घराण्यातला ग्रॉफ नव्याने सी प्लस प्लसमध्ये लिहिला. आज लिनक्सवर ‘मॅन’ ही आज्ञा दिल्यावर माहितीपुस्तिकेचं जे पान उघडतं, ते बहुतेक ठिकाणी ग्रॉफच मांडून देतो.

हे सगळं हाताने करून बघायचं असेल, तर जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९मध्ये सुरू केलेलं ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे मोफत पुस्तक घ्यावं. मोडनिंब या गावी घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी त्याच्याच आधाराने सिस्टीम बांधली. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. तात्पुरती हत्यारं बांधून झाल्यावर खऱ्या सिस्टीमचं काम सुरू होतं, तेव्हा सगळ्यात पहिलं पॅकेज बसतं ते मॅन-पेजेस. दोन हजारांहून जास्त पानं, पण बांधायचं काही नाही. साध्या मजकुराच्या फाइली जागेवर ठेवायच्या. ती पानं उघडून दाखवणारा मॅन-डीबी मात्र त्याच प्रकरणाच्या अगदी शेवटाकडे येतो, कारण त्याला आधी ग्रॉफ आणि काही लायब्रऱ्या लागतात. तोवर पुस्तकं कपाटात पडून असतात आणि वाचायची सोय नसते. ग्रॉफ बांधताना कागदाचा आकारही सांगावा लागतो. अमेरिकेत ‘लेटर’, आपल्याकडे ए-४.

खरी गाठ टेक्सइन्फोपाशी बसते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या पुस्तिका याच्या भाषेत लिहिलेल्या असतात आणि मेकइन्फो हा प्रोग्राम त्यांची वाचण्याजोगी पानं करतो. २०१३च्या पाचव्या आवृत्तीपासून मेकइन्फो पर्लमध्ये आहे. म्हणजे पानं हवीत तर टेक्सइन्फो हवं, टेक्सइन्फो हवं तर पर्ल हवं, आणि पर्ल बांधायला कम्पायलर. त्या कम्पायलरची, जीसीसीची, पुस्तिका पुन्हा टेक्सइन्फोतच! उसाची लागण करायला बेणं उसाचंच लागतं, तशी ही गत. म्हणून ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’मध्ये पर्ल आणि टेक्सइन्फो तात्पुरत्या हत्यारांतच बांधून घेतात.

दुसरा तोडगा पॅकेज करणारेच काढून ठेवतात: तयार पानं सोर्सच्या गठ्ठ्यातच घालून देतात. पण बांधकाम चालवणारा ‘मेक’ फाइलींच्या वेळा बघतो. कॉपी करताना किंवा पॅच लावताना मूळ फाइल तयार पानापेक्षा नवी ठरली, की तो पान पुन्हा करायला जातो आणि ‘मेकइन्फो सापडत नाही’ म्हणून सगळं काम थांबतं. अशा वेळी जाणकार मेकइन्फोच्या जागी ‘ट्रू’ ही आज्ञा देतात. ती काहीच करत नाही, फक्त ‘झालं’ म्हणते. काम पुढे सरकतं, पण ती पुस्तिका नव्याने तयार होत नाही. हा उपाय तात्पुरत्या टप्प्यात ठीक आहे. अंतिम सिस्टीममध्ये तो ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

हेल्पटूमॅनची तऱ्हा आणखी वेगळी. ज्या प्रोग्रामचं पान हवं, तो प्रत्यक्ष चालवून त्याच्या मदतीच्या मजकुरातून हा पान तयार करतो. दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधकाम चाललेलं असलं, तर तो प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालतच नाही आणि पानही होत नाही. आधी चालणारा प्रोग्राम हवा, ही अडचण डोनाल्ड नुथ यांनाही टेक हा मांडणीचा प्रोग्राम लिहिताना होती. प्रोग्राम आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच फाइलीत लिहिण्याच्या वेब पद्धतीतून पास्कल काढणारा टँगल हा प्रोग्राम स्वतःच वेबमध्ये लिहिलेला. म्हणून त्याची पास्कल प्रत सोबत दिली जायची. तिच्याशिवाय नव्या यंत्रावर सुरुवात करणं फार कष्टाचं झालं असतं.

एवढा खटाटोप कशासाठी? वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, तरी लॅपटॉपची बॅटरी असते. मोडनिंबसारख्या गावात शिकणाऱ्या पोराला तेव्हा ‘मॅन’ हाच गुरुजी. तो इंग्रजीत बोलतो, ही अडचण खरी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीत आणले, ते मोलाचं काम आहे. पण आज्ञा देताना हाताशी असणारं मराठी पान ही वेगळी गरज आहे. त्याची जागा सिस्टीममध्ये ठरलेली आहे. ग्लिबसी या सिस्टीमच्या मूळ लायब्ररीत मराठीची लोकेल, म्हणजे भाषेची निवड, आहे, आणि ती निवडली की मॅन-डीबी पानांच्या फोल्डरमधल्या ‘एमआर’ या उपफोल्डरात आधी शोधतो. टर्मिनलवर जोडाक्षरं नीट बसायला अजून काम लागेल. तरी रोजच्या वापरातल्या ‘एलएस’, ‘सीपी’, ‘ग्रेप’ या आज्ञांची पानं कुणीही साध्या एडिटरमध्ये लिहून तिथे ठेवू शकतो, आणि सुरुवात याच तीन पानांपासून व्हावी.